आर्थर राजाचं वेल्स: उत्तरेत जावं की दक्षिणेत?

अमृता_कोथरूड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

लेक कार्डिफला शिकायला आहे. सप्टेंबरात मी आणि नवरा तिच्याकडे चाललोय. लंडन-बिंडन मागे पाहून झालंय, त्यामुळे या खेपेला फक्त वेल्स. मला आर्थर, मर्लिन, ड्रॅगन या सगळ्याचं जुनं वेड. नवऱ्याला डोंगर आणि गड सोडून काही दिसत नाही. दोघांचं एका जागी भागेल असं वाटलं म्हणून वाचायला बसले आणि डोकं गरगरायला लागलं.

मी समजत होते की वेल्स म्हणजे एक देश आणि आर्थर त्याचा राजा. पण सहाव्या शतकाचा नकाशा बघा. वायव्येला ग्विनेद, पूर्वेला पॉविस, नैर्ऋत्येला डवेद, आग्नेयेला ग्वेंट, मधे केरेदिग्यन, ब्रिखायनिओग आणि आणखी दोनचार तोंडात न बसणारी नावं. सगळे एकाच भाषेचे, एकाच धर्माचे, आणि कायम एकमेकांच्या उरावर. पलीकडे सॅक्सन टपलेले असताना!

तर प्रश्न असे. आर्थर यातल्या कोणत्या राज्याचा? ही मंडळी इतकी भांडायची का? आणि दिवस थोडे असतील तर उत्तरेत जावं की दक्षिणेत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

चहाबाज

पहिला! मला आर्थर म्हणजे दगडात रुतलेली तलवार एवढंच ठाऊक. चहा घेऊन बसलोय, येऊ द्या.

---

पेठेतले_काका

धागाकर्तीबाईंनी एक गोष्ट सर्वप्रथम डोक्यातून काढून टाकावी. चिलखत घातलेले सरदार, गोल मेज, लान्सलॉट आणि राणीचं प्रकरण हा सगळा नंतरचा फ्रेंच माल आहे. गोल मेज प्रथम येतं ते वास नावाच्या कवीच्या ११५५ च्या काव्यात. लान्सलॉटला मोठा केला क्रेतिएन द त्रॉयने, त्याच्याही नंतर. वेल्सच्या जुन्या कथांत यातलं काहीही नाही.

जुन्यातली जुनी तपशीलवार नोंद म्हणजे ८२९-३० च्या सुमाराचा 'ब्रिटनांचा इतिहास' हा लॅटिन ग्रंथ. त्यात आर्थरच्या बारा लढाया दिल्या आहेत. पण तिथे तो राजाही नाही. ब्रिटनांच्या राजांबरोबर लढणारा लढायांचा म्होरक्या, इतकंच. त्यामुळे 'कोणत्या राज्याचा' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे.

---

अमृता_कोथरूड

काका, चुकीचा असला तरी विचारला की माणूस उत्तर शोधायला लागतो ना! मग त्या काळचे खरे राजे कोण होते?

---

बखरवाचक

काकांना अनुमोदन, पण ते महत्त्वाचं सांगायचं राहू देतात. त्या काळातला प्रत्यक्ष साक्षीदार एकच, गिल्डास नावाचा साधू. सहाव्या शतकात त्याने एक जळजळीत प्रवचन लिहिलं. त्यात पाच राजांना नावं घेऊन झोडपलंय: डम्नोनियाचा कॉन्स्टंटाइन, ऑरेलियस कॅनिनस, डवेदचा व्होर्टिपोर, क्युनेग्लासस आणि सगळ्यांत जास्त झोडपलाय तो ग्विनेदचा मायल्गुन. सॅक्सनांशी झालेल्या बेडनच्या लढाईचा उल्लेख आहे, त्यांच्याशी लढलेल्या अँब्रोसियसचा आहे. आर्थरचं नाव मात्र एकदाही नाही.

मायल्गुनचं चरित्र बघा. तरुणपणी मामाला मारून गादी घेतली. मग पश्चात्ताप होऊन मठात गेला. तिथे करमेना म्हणून परत आला, बायकोला मारलं, पुतण्याला मारलं आणि त्याच्या विधवेशी लग्न केलं. हे सगळं गिल्डास त्याला तोंडावर, 'तू असं केलंस, तू तसं केलंस' अशा भाषेत सुनावतो. कल्पना करा, राजा हयात आहे आणि साधू हे लिहितोय.

आणि व्होर्टिपोरचा तर दगडच सापडला आहे! डवेदमधल्या कास्टेलद्वायरन गावात. त्यावर लॅटिनमध्ये आणि आयर्लंडच्या ओघम लिपीत, दोन्हीकडे त्याचं नाव कोरलंय. हल्ली बरेच अभ्यासक हा दगड गिल्डासच्याच व्होर्टिपोरचा मानायला कचरतात, पण नाव तेच आणि घराणंही बहुधा तेच. ओघम का? तर डवेदचं राजघराणं मुळात आयर्लंडहून आलेलं. म्हणजे बाईंनी लिहिलंय तसे हे 'सगळे एकाच भाषेचे' वगैरे नव्हते.

---

निशा_रानडे_नव्हे

म्हणजे आर्थर सोडून बाकी सगळे खरे. आपलं नशीबच असं.

---

रंकाळ्याचा_राणा

आयला, मायल्गुन म्हणजे नाद खुळा माणूस की! बखरवाचक भावा, अजून सांग त्याचं.

---

बखरवाचक

दोन दंतकथा आहेत. पहिली गादीची. सगळे दावेदार डवी नदीच्या मुखाशी वाळवंटात जमले. ठरलं असं की आपापल्या खुर्चीत बसायचं, आणि भरतीचं पाणी आल्यावर जो शेवटपर्यंत बसून राहील तो सगळ्यांचा राजा. मायल्गुनची खुर्ची पक्ष्यांच्या पिसांना मेण लावून केलेली होती. पाणी आलं तसे बाकीचे पळाले. हा तरंगत बसला.

दुसरी मरणाची. ५४७ च्या नोंदीत तो साथीच्या रोगाने मेला असं आहे. कथेत तो रोगाच्या भीतीने रोसच्या चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेतो. मग राहवत नाही म्हणून किल्लीच्या भोकातून बाहेर डोकावतो, आणि बाहेर पिवळ्या डोळ्यांची साथ उभी असते. संपला.

---

रंकाळ्याचा_राणा

तरंगती खुर्ची! हहपुवा. हे आपल्याकडच्या लोकांना कळू देऊ नका.

---

संपादक

राजकारणावरचे प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

---

रंकाळ्याचा_राणा

मी कुणाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं ओ.

---

कार्डिफकर

अमृताताई, मी इथे बरीच वर्षं राहतोय, म्हणून व्यवहाराचं आधी सांगतो.

ही राज्यं वेगळी का राहिली हे पुस्तकात शोधू नका, कार्डिफ स्टेशनवर जाऊन उत्तरेचं तिकीट काढा. गाडी न्यूपोर्टवरून सरळ इंग्लंडात शिरते. हेरफर्ड, श्रुजबरी करत सीमेच्या कडेकडेने वर जाते आणि मग पुन्हा वेल्समध्ये येते. दक्षिण वेल्समधून उत्तर वेल्सला जायचं तर परदेशातून जावं लागतं! रस्ता आहे, ए-४७० नावाचा, कार्डिफपासून लँडडनोपर्यंत, साधारण ३०० किलोमीटर. पण ते ३०० किलोमीटर आपल्या एक्सप्रेसवेचे नव्हेत. एक खिंड संपली की दुसरी, मधे मेंढ्या, पुढे ट्रॅक्टर. चार तास हसतखेळत जातात, पाचही लागतात.

डोंगर मधोमध, आणि नद्या चारी बाजूंना पळणाऱ्या. खालचा सुपीक पट्टा फक्त कडेला. मधोमध बसून चहूकडे हुकूम चालवता येईल अशी एक जागाच या देशात नाही. ग्विनेदचं धान्याचं कोठार म्हणजे मॉन बेट (इंग्रजीत अँगलसी), आणि तेही समुद्रात. १२७७ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने नेमकं तेच हेरलं. डोंगरात शिरलाच नाही. जहाजांतून माणसं पाठवून मॉनवरचं उभं पीक कापून नेलं. डोंगरात बसलेला ग्विनेदचा राजा लुवेलिन उपाशी पडला आणि तहाला आला.

राहिला तुमचा प्रश्न. दक्षिणेत कार्लियन घरापासून जवळ आहे. न्यूपोर्टला गाडीने, तिथून बस. अर्ध्या दिवसाचं काम.

---

सह्यभटक्या

वा! पीक कापून नेणं हे भारीच. कार्लियनला गड आहे का? चढाई किती?

---

कार्डिफकर

चढाई शून्य. रोमन छावणी आहे, दुसऱ्या ऑगस्टन लीजनची. सगळ्यांत बघण्यासारखं म्हणजे तिथलं प्रेक्षागार. आत जायला पैसे पडत नाहीत. लंबवर्तुळाकार खोलगट मैदान, भोवती गवताने झाकलेले उंच बांध, मधेमधे दगडी वाटा आत उतरतात. वाटेच्या बाजूला एक छोटी कोठडी आहे, तिच्यात बसायला दगडी बाक आहे. झुंजीला उतरायच्या आधी माणूस तिथे बसत असेल. मी एकदा पावसात त्या बाकाजवळ आडोशाला उभा राहिलो होतो. शेजारी शाळेच्या सहलीतली पोरं लाकडी तलवारी घेऊन मारामारी करत होती, बाई ओरडत होत्या.

खोदायच्या आधी ही जागा म्हणजे नुसता गवताचा मोठा वाडगा होता. गावकरी त्याला आर्थरचं गोल मेज म्हणायचे.

---

पेठेतले_काका

आणि कार्लियनला आर्थरचा दरबार नेऊन ठेवणारा जेफ्री ऑफ मॉन्मथ. साल सुमारे ११३६. मॉन्मथ तिथून जवळच, म्हणजे हा आपल्या तालुक्यात राजधानी आणण्यातला प्रकार. त्याआधीच्या वेल्श कथेत आर्थरचा दरबार चक्क कॉर्नवॉलमध्ये, केली विग नावाच्या ठिकाणी आहे.

जेफ्रीबद्दल जेराल्ड ऑफ वेल्सने ११८८ च्या प्रवासाच्या वर्णनात एक किस्सा दिला आहे. कार्लियनच्या परिसरात मायलिर नावाचा माणूस होता, त्याला भुतं दिसायची. अंगावर फार भुतं जमली की छातीवर योहानाचं शुभवर्तमान ठेवायचे, भुतं उडून जायची. एकदा त्या जागी जेफ्रीचं पुस्तक ठेवलं. भुतं नेहमीपेक्षा जास्त संख्येने आली आणि अंगावरच नव्हे, पुस्तकावरही ठाण मांडून बसली.

---

चहाबाज

खिक्क! बाराव्या शतकातलं पुस्तक परीक्षण. दंडवत घ्या काका.

---

मृद्गंधा

कार्लियनचा विषय निघालाच आहे तर अवांतर. ते प्रेक्षागार १९२६-२७ मध्ये खोदलं गेलं ते मॉर्टिमर व्हीलर यांच्या मोहिमेत. प्रत्यक्ष कामाचा मोठा भार त्यांच्या पत्नी टेसा यांनी उचलला. पैसे एका इंग्रजी वर्तमानपत्राने दिले, कारण अर्थातच आर्थरचं नाव. हेच व्हीलर १९४४ ते ४८ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. हडप्पा, अरिकामेडू, ब्रह्मगिरी इथली उत्खननं त्यांचीच. आपल्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया विद्यार्थी असताना इंग्लंडात मेडन कॅसलला त्यांच्या उत्खननावर काम करून आले होते. चौकोनी खड्डे आणि मधे मातीच्या भिंती सोडायची पद्धत आमच्या पिढीने शिकली ती याच परंपरेतून.

खोदल्यावर आर्थरचं काही मिळालं नाही हे सांगायला नकोच.

---

सह्यभटक्या

ताई, तुम्ही पुरातत्त्वातल्या? मग उत्तरेतल्या दिनास एम्रिसबद्दल सांगा. मर्लिनने ड्रॅगन काढले ती टेकडी. मी तिथे जाऊन आलोय. बेदगेलर्टजवळ आहे. ओकच्या जंगलातून वाट, धबधब्याशेजारून वर, शेवटी थोडी हाताची कसरत. टेकडी बुटकी, पण चारी बाजूंनी तुटलेली. वर पोचलो तर एक दलदलीचा खड्डा आणि पडक्या चौकोनी मनोऱ्याचा पाया. नवरा खूश होईल ताईंचा.

---

मृद्गंधा

१९५० च्या दशकात तिथे उत्खनन झालं. तो दलदलीचा खड्डा म्हणजे पाण्याचं टाकं, आणि रोमनोत्तर काळात तिथे वस्ती होती हे नक्की. भूमध्य समुद्राकडून आलेल्या भांड्यांचे तुकडेही मिळाले. मनोरा मात्र खूप नंतरचा. कथा अशी: व्हॉर्टिगर्न राजा किल्ला बांधतो, दिवसा बांधलेलं रात्री गायब होतं. ज्योतिषी सांगतात, बाप नसलेल्या मुलाचं रक्त शिंपडा. मुलगा आणतात, तो म्हणतो, खाली तळं आहे, खणा. तळ्यात दोन ड्रॅगन, लाल आणि पांढरा. लाल म्हणजे ब्रिटन, पांढरा म्हणजे सॅक्सन. मूळ कथेत, म्हणजे काकांनी सांगितलेल्या 'ब्रिटनांचा इतिहास' ग्रंथात, हा मुलगा अँब्रोसियस आहे. जेफ्रीने त्याचा मर्लिन केला. तोच लाल ड्रॅगन आज वेल्सच्या झेंड्यावर, अधिकृतपणे १९५९ पासून.

कथेत तळं, आणि खोदल्यावर टेकडीच्या माथ्यावर पाण्याचं टाकं. यावरून फार उड्या मारू नयेत, पण गंमत आहे.

---

बखरवाचक

अमृताताईंच्या भांडणाच्या प्रश्नाकडे जातो, कारण या व्हॉर्टिगर्नमध्येच त्याचं उत्तर दडलंय.

तो ८२९-३० चा ग्रंथ लिहिला गेला ग्विनेदमध्ये, मेर्विन राजाच्या काळात. त्यात व्हॉर्टिगर्न म्हणजे देशद्रोही. यानेच सॅक्सनांना बोलावलं, यानेच मुलखाचं वाटोळं केलं. शिवाय त्याच ग्रंथात पॉविसच्या राजघराण्याचा मूळपुरुष कादेल हा एक नोकर होता, संताच्या आशीर्वादाने राजा झाला, असंही आहे. आता पॉविसला या. लँगोल्लेनजवळ एका मठाच्या शेजारी एलिसेगचा स्तंभ उभा आहे. नवव्या शतकात पॉविसचा राजा किंगेन याने तो आपल्या पणजोबाच्या नावाने उभारला. त्यावर काय कोरलं होतं? आमचं घराणं व्हॉर्टिगर्नचं, आणि त्याची बायको रोमन सम्राट मॅक्सिमसची मुलगी!

एक राज्य ज्याला खलनायक ठरवतं, त्याच्याच नावाने दुसरं राज्य शेजारी खांब रोवतं. तेही जवळजवळ त्याच काळात. ग्विनेदच्या स्वतःच्या दाव्यात त्यांचा मूळपुरुष किनेदा उत्तरेकडून, आजच्या स्कॉटलंडातल्या मुलखातून, मुलांना घेऊन आला आणि त्याने आयरिश लोकांना हाकललं. म्हणजे डवेदच्या आयरिश घराण्याला परस्पर चपराक.

आज त्या स्तंभावरचं काही वाचता येत नाही. सतराव्या शतकातल्या यादवीत तो पाडला गेला, १७७९ मध्ये पुन्हा उभा केला. १६९६ मध्ये एडवर्ड लुइड याने मजकूर उतरवून घेतला होता म्हणून हे कळतं तरी.

या भानगडीत आर्थर कुठे बसतो? कुठेच नाही, आणि त्यातच त्याची सोय आहे. ग्विनेद, पॉविस, डवेद यांतल्या कोणाच्याच मुख्य वंशावळीत तो पूर्वज नाही. त्यामुळे त्याला आपला म्हणताना शेजाऱ्याला मोठं केल्यासारखं होत नाही.

---

पेठेतले_काका

विवेचन चांगले. परंतु आपण भाऊबंदकीचे नाव घेतले नाही. वेल्सच्या कायद्यात, ज्याचं श्रेय दहाव्या शतकातल्या हिवेल राजाला देतात, बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. लग्नाबाहेरचा मुलगाही बापाने मान्य केला की वाटेकरी. राज्याचं वाटप कायद्यात बसो न बसो, प्रत्येक राजपुत्राला ते बसतंसं वाटे. ११७० मध्ये ओवेन ग्विनेद वारला. त्याचा मुलगा हिवेल, उत्तम कवी, त्याच वर्षी सावत्र भावांशी झालेल्या लढाईत मॉन बेटावर मारला गेला. त्याआधी ग्रुफिद नावाच्या राजाने प्रथमच सगळं वेल्स एका छत्राखाली आणलं होतं. १०६३ मध्ये त्याला त्याच्याच माणसांनी मारलं आणि मुंडकं शत्रूकडे पोचतं झालं.

---

निशा_रानडे_नव्हे

कोथरूडमधल्या वडिलोपार्जित फ्लॅटवरून आमच्याकडे काय चाललंय हे काकांना कोणी सांगितलं?

---

रंकाळ्याचा_राणा

ताई तुम्ही मुंडकं पाठवलं नाही ना अजून, मग ठीक आहे.

---

वाळवीण

मला या धाग्यात आर्थर फार चांगला दाखवताय असं वाटतंय. वेल्सच्या संतचरित्रांत तो चक्क गुंड आहे. संत पादर्नकडे एक सुंदर अंगरखा असतो, आर्थर तो मागायला येतो, दमदाटी करतो. संत म्हणतो, धरणीने याला गिळावं. धरणी हनुवटीपर्यंत गिळते. क्षमा मागितल्यावर सुटतो.

संत कादोकच्या चरित्रात तर धमाल आहे. आर्थरची तीन माणसं मारणारा एक जण कादोककडे सात वर्षं लपतो. भरपाई म्हणून गायी द्यायचं ठरतं. आर्थर म्हणतो, साध्या नकोत, पुढून लाल आणि मागून पांढऱ्या पाहिजेत. संत चमत्कार करून तशा गायी देतो. नदीच्या मधोमध कै आणि बेदविर, आर्थरचे दोघे खास, त्यांना शिंगं धरून ओढायला लागतात, तर हातात नेच्याच्या पेंढ्या.

मठवाल्यांना राजे लोक कसे वाटत असतील ते यातून दिसतं. आज या राजाची माणसं गुरं न्यायला येणार, उद्या त्या राजाची. मला तरी गोल मेजावरच्या आर्थरपेक्षा हा हनुवटीपर्यंत गाडलेला जास्त आवडतो.

---

चहाबाज

वाळवीणताई, या गायींवर स्वतंत्र धागा काढा. पुभाप्र.

---

सह्यभटक्या

उत्तरेची बाजू मांडतो, नाहीतर दक्षिणवाले जिंकतील. सर्वोच्च शिखर अर विद्वा, १०८५ मीटर. २०२२ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने स्नोडन वगैरे इंग्रजी नावं बाजूला ठेवून वेल्श नावंच वापरायला सुरुवात केली. शिखरावर रिता नावाचा राक्षस पुरलाय असं म्हणतात. हा रिता राजांच्या दाढ्या कापून त्यांचा झगा शिवायचा. आर्थरकडे निरोप पाठवला, तुझ्या दाढीसाठी जागा ठेवलीय. आर्थरने त्याला मारून वर दगडांचा ढीग रचला. खालच्या खिंडीचं नाव बाणांची खिंड. तिथे आर्थर पडला असं स्थानिक लोक सांगतात.

वर जायला १८९६ पासूनची रेल्वेही आहे, पण ती सह्यभटक्याने घेतली तर नाव बदलावं लागेल.

---

रंकाळ्याचा_राणा

राक्षसाचं नाव रिता? आमच्या वर्गात होती एक. दाढीचं माहीत नाही, पण डबा पळवायची.

---

मृद्गंधा

हे शिखर, ती खिंड, गावर द्वीपकल्पावरचा तो प्रचंड दगड (आर्थरच्या बुटात खडा टोचला, त्याने भिरकावला, तोच म्हणे हा!), हे सगळं एकाच जातीचं. तो गावरचा दगड नवाश्मयुगीन दफनाचा आहे, आर्थरच्या कल्पित काळाच्याही हजारो वर्षं आधीचा. आपल्याकडे बौद्ध लेणं दिसलं की पांडवलेणी आणि डोंगरात खळगा दिसला की भीमाची चूल, तसं. 'ब्रिटनांचा इतिहास' ग्रंथात नोंदवलेले प्रकारही आहेत. बिल्थ भागात आर्थरच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा असलेला दगड, तो उचलून नेला तरी दुसऱ्या दिवशी जागेवर परत. आणि एर्गिंगमध्ये आर्थरचा मुलगा अम्र याची कबर. मोजाल तेव्हा माप वेगळं, कधी सहा फूट, कधी नऊ, कधी बारा, कधी पंधरा. मुलाला स्वतः आर्थरनेच मारलं असं तो ग्रंथ एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. मला तेच वाक्य सगळ्यांत जास्त खटकतं. का मारलं, काही नाही.

---

अमृता_कोथरूड

मृद्गंधाताई, हे मला ठाऊक नव्हतं. बापाने मुलगा मारला एवढंच?

---

मृद्गंधा

एवढंच. लेखकाने मात्र 'मी स्वतः मोजून पाहिली' असं आवर्जून लिहिलंय.

---

गोष्टीवेल्हाळ

बेदगेलर्टचं नाव निघालं म्हणून. तिथे गेलर्ट कुत्र्याची समाधी आहे. लुवेलिन राजपुत्र (एडवर्डशी लढलेल्या लुवेलिनचा आजोबा) शिकारीहून येतो, पाळणा उलटा, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. तलवार भोसकतो, मग बाळ सुखरूप दिसतं आणि शेजारी मेलेला लांडगा. ओळखीचं वाटलं? पंचतंत्रातलं ब्राह्मणीचं मुंगूस! लोककथेचे अभ्यासक ही कथा पूर्वेकडूनच प्रवास करत तिकडे गेली असं मानतात. समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या खानावळवाल्याने गिऱ्हाइकं यावीत म्हणून रचली असं सांगतात.

---

सह्यभटक्या

अरेच्चा, मी तिथे डोळे पुसून फोटो काढलाय.

---

बखरवाचक

या आर्थर प्रकरणाचा वेल्सवाल्यांना काय उपयोग झाला, हे अजून कोणी लिहिलं नाही. त्यांची आशा ही की आर्थर मेला नाही, परत येईल. कबरींवरच्या जुन्या वेल्श कडव्यांत इतर वीरांच्या कबरी कुठे आहेत ते सांगून आर्थरच्या कबरीचा पत्ता जगाला लागणं अवघड, असं म्हटलंय. इंग्लंडच्या राजांना ही आशा नको होती. ११९१ मध्ये ग्लास्टनबरीच्या मठात आर्थरची कबर 'सापडली'. १२७७ मध्ये लुवेलिनला नमवल्यावर लगेच १२७८ च्या ईस्टरला पहिल्या एडवर्डने ती उघडून हाडं नव्या थाटात ठेवली. बघा, मेलाय तुमचा.

१२८२ च्या ११ डिसेंबरला लुवेलिन मारला गेला. पुढच्या वर्षी आर्थरचा मुकुट म्हणून ग्विनेदमधला एक मुकुट एडवर्डकडे गेला. १२८४ मध्ये त्याने ग्विनेदच्या मुलखातच, नेविनला, 'गोल मेज' स्पर्धा भरवली. जिंकलेल्यांच्या दारात त्यांच्याच वीराचा उत्सव!

आणि काकांच्या भाऊबंदकीला पुरवणी. याच लुवेलिनने एका भावाला वीसेक वर्षं कैदेत ठेवलं होतं. दुसरा भाऊ दाविद याने १२७४ मध्ये पॉविसच्या ग्रुफिदबरोबर त्याच्या खुनाचा कट केला. हिमवादळ झालं म्हणून तो फसला.

---

मृद्गंधा

त्या पॉविसच्या ग्रुफिदचाच वेल्शपूलचा किल्ला. आज तिथे क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तू आहेत. टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबूही. अमृताताई, उत्तरेला जाताना श्रुजबरीला उतरलात तर वाट वाकडी करून बघता येईल. रागही येईल, पण बघा.

---

पेठेतले_काका

सहमत. तंबू पाहावा आणि वहीत अभिप्राय सविस्तर लिहावा.

---

अमृता_कोथरूड

सगळ्यांचे आभार! नवऱ्याला धागा वाचून दाखवला. तो फक्त 'हाताची कसरत' इथे थांबला. कार्लियन लेकीबरोबर करणार, मग उत्तर: दिनास एम्रिस नक्की, अर विद्वा हवेवर अवलंबून, परतताना टिपूचा तंबू. आता फक्त हे सांगा, गाडी न चालवता उत्तरेत भागेल का? डावं-उजवं सारखंच असलं तरी त्या अरुंद रस्त्यांवर नवऱ्याला स्टीअरिंग द्यायचं नाहीये मला.

---

कार्डिफकर

भागेल. लँडडनो जंक्शनला गाडी बदलून बेट्स-अ-कोएडला मुक्काम टाका. त्याच फाट्यावर दोलविदेलन स्टेशन आहे, तिथला किल्ला एडवर्डचा नाही, खुद्द वेल्श राजपुत्रांचा, आणि चढ बेताचा. डोंगराच्या पायथ्याच्या गावांना शेर्पा नावाच्या बस जोडतात, बेदगेलर्टही त्यात येतं. सप्टेंबरात वेळापत्रक बदलतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. आणि छत्री नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. डोक्यावरून येणारा रेनकोट घ्या.

---

रंकाळ्याचा_राणा

आणि त्या मुलाची कबर मोजून या की ताई. कुणाचं माप बरोबर ते एकदा कळू दे.

---

कार्डिफकर

ती आता सीमेपलीकडे, इंग्लंडच्या हेरफर्डशायरमध्ये येते. गाडी हेरफर्डला थांबते म्हणा.